मागाच्या खटखटाटात शिकताना

सोलापूरचा पूर्व भाग. गल्लीत शिरलं की आधी खटखट कानावर येते, यंत्रमाग नंतर दिसतो. १८७७ साली शहरात पहिली कापड गिरणी आली. आपण तिला 'जुनी मिल' म्हणतो. गिरण्या बंद पडल्या, पण मागाशेजारी उभं राहून काम शिकायची रीत तेवढी टिकली.

हे हात बघा. ताण्याचा, म्हणजे मागावर लांबीनं ताणलेला, धागा तुटला, माग थांबला. शिकणाऱ्या पोरानं टोक शोधलं, नवा तुकडा जोडला, गाठ मारून शेपूट कातरलं. गाठ जाड राहिली तर धागे ओवलेल्या फणीत अडकणार आणि धागा पुन्हा तुटणार. उस्ताद बोलत नाही. शेजारचे माग चालू असताना बोललेलं ऐकू येतच नाही. तो गाठीवरून अंगठा फिरवतो आणि मान हलवतो. पुन्हा मार.

ही गाठ वर्गात बसून जमत नाही. चादरीवरची नक्षी मात्र शांतपणे बसूनच समजते. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून जेकॉर्डच्या, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्यांना भोकं पाडायची. आडवा धागा नेणारा धोटा उडतो तेव्हा कुठं उभं राहायचं नाही, हेही माग बंद असतानाच सांगावं लागतं.

पण बसायचं कधी? मजुरी मापावर, जितकं विणलं तितकीच. एक दिवस वर्गाला गेलं की त्या दिवसाची चूल विचारते. म्हणून शिकवणंच पाळीच्या वेळेला जुळवून घ्यायला हवं: पाळीआधी अर्धा तास, सुट्टीच्या सकाळी दोन तास, बाकीचं मोबाईलवर. आणि तेलुगूतूनही. इथल्या अनेक विणकर घरांत तीच भाषा बोलली जाते. हे लाड नव्हेत. त्याशिवाय शिकवलेलं पोचणारच नाही.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त कामगार असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक. चार ते एकोणतीस असतील तर मालकाची मर्जी. २०१६ च्या केंद्रीय योजनेनं विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकारवर घेतला. आठ-दहा मागांच्या कारखानदाराला हे कुणीतरी त्याच्या दारात जाऊन सांगायला हवं, अर्जही भरून द्यायला हवा.

पोरानं तिसऱ्यांदा गाठ मारली. उस्तादाचा अंगठा तिच्यावरून सरकला, कुठं अडला नाही. त्यानं माग चालू केला.