जुन्या पत्रांतलं ‘वर्तमान’

श्रोतेहो, नमस्कार.

‘वर्तमान’ म्हटलं की आपल्याला शाळेतला काळ आठवतो, भूत आणि भविष्य यांच्या मधला. पेशवाईतल्या कारकुनाच्या लेखी मात्र वर्तमान म्हणजे खबर. त्यामुळे ‘मागील वर्तमान’ असं तो बिनदिक्कत लिहून जातो आणि नवखा वाचक तिथंच अडखळतो. चालू घडीसाठी त्याच्यापाशी ‘हल्ली’ आणि ‘सांप्रत’ हे शब्द होते.

पत्राचा आरंभ ठरीव असे. नमस्कार, विनंती, अमुक तिथीपर्यंत येथील कुशल, आणि मग ‘विशेष’. खरा मजकूर तिथून पुढे. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, तेव्हा सगळी ओळ लागत नसली तरी आधी ‘विशेष’ शोधावं. भेटल्यावर आपण ‘काय विशेष?’ विचारतो ना, तेच हे.

आता वाक्य कुठे संपतं तिकडे लक्ष द्या. ‘फौज नदी उतरली म्हणोन वर्तमान आले.’ वाक्य नमुन्यादाखल माझंच आहे, घडण मात्र जुनी. यातला ‘म्हणोन’ फार मोलाचा. लिहिणाऱ्यानं फौज पाहिलेली नाही, कुणी सांगितलं ते तो पुढे धाडतो आहे. ‘वर्तमान ऐकिले’ असेल तर आधार आणखी पातळ. आणि ‘आवई’ किंवा ‘भुमका’ हा शब्द आला, तर लिहिणाऱ्यालाच त्यावर भरवसा नाही असं समजावं. घाईत वाचणारा ‘फौज नदी उतरली’ एवढंच टिपून घेतो, ‘म्हणोन’ गाळतो, आणि ऐकीव गोष्ट इतिहास होऊन बसते. ही चूक छापील पुस्तकांतही सापडते.

तारखांचं काम जास्त किचकट. एका वर्तमानाला तीन तारखा असतात: घटना घडली ती, पत्र लिहिलं ती आणि पत्र पोचलं ती. पोचल्याची नोंद ‘पैवस्तगी’ म्हणून केलेली असते. जासूद, म्हणजे पत्रं पोचवणारे, पायी जायचे, त्यामुळे लिहिणं आणि पोचणं यांत कित्येक दिवस जात. नुसत्या पैवस्तगीवरून घटनेचा दिवस ठरवला की हिशेब चुकलाच. तारखेआधी ‘छ’ दिसला तर तो मुसलमानी चांद्र महिन्याचा दिवस. वर्ष बहुधा शुहूर सनाचं, अरबी अंकशब्दांत, एककापासून वर चढत जाणारं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, झाले ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई जानेवारीतली, तेव्हा ११६१ अधिक ६००, बरोबर १७६१. इथं ५९९ धरले की अख्खं वर्ष हुकतं.

मग ‘बातमी’ नव्हती का? होती, पण तिला टेहळणीचा वास होता. बातमी राखायची ती शत्रूच्या गोटातली, आणि बातमीदार म्हणजे बऱ्याचदा हेरच. आज पत्रकार तेच बिरुद उजळ माथ्यानं मिरवतात, ही गंमतच.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत निघालं, शेजारी शेजारी इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ घेऊन. मराठीत वृत्तपत्रं रुजली तसा ‘वर्तमानपत्र’ हा शब्दही रुळला. वर्तमान छापील झालं, तरी अर्थ खबरीचाच राहिला. मराठी बायबलातलं ‘शुभवर्तमान’ही त्याच अर्थाचं.

जुने अंक संगणकावर धुंडाळणार असाल, तर ‘वर्तमान’ एकदा साध्या त-नं आणि एकदा जोड त-नं, ‘वर्त्तमान’ असं, टाकून पाहा. अनुस्वाराची रूपं निराळी शोधा: ‘वर्तमानपत्रांत’, ‘वर्तमानपत्रांतून’. आणि शोधात काहीच आलं नाही, तर पान डोळ्यांनी वाचा. जुन्या ठशांतली जोडाक्षरं यंत्राला बरेचदा वाचता येत नाहीत.