सगळे हाताशी असलेले बेट

श्रोतेहो, नमस्कार.

मालदीवमध्ये आधुनिक पर्यटनाची सुरुवात १९७२ साली झाली. कुरुम्बा आणि बंडोस ही पहिली दोन रिसॉर्ट त्या वर्षी माले शहराजवळच्या बेटांवर उघडली आणि पुढे साऱ्या देशाने तोच शिरस्ता धरला. या देशात जवळजवळ बाराशे बेटे आहेत आणि त्यांतल्या सुमारे दोनशे बेटांवरच लोकवस्ती आहे. उरलेल्यांपैकी एकेक निर्जन बेट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट उभारायचे, असे ते धोरण होते. मद्यपान आणि पाहुण्यांचा पेहराव यांचा गावातल्या मुस्लिम समाजजीवनाला उपसर्ग होऊ नये, हा त्यामागचा एक मोठा विचार होता. त्यामुळे वर्षानुवर्षे असे घडत आले की, पर्यटक विमानतळाच्या बेटावर उतरतो, तिथूनच वेगवान बोटीत किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानात बसतो, आणि देशातल्या एकाही गावात पाऊल न टाकता घरी परततो. जेवणखाण, पेये, पोहण्याचे साहित्य, बोटीचा प्रवास या सर्वांचे पैसे निघण्यापूर्वीच एकरकमी भरलेले असले, म्हणजे या व्यवस्थेला पूर्णत्व येते.

माझा प्रवास आजवर एसटीने, पॅसेंजर गाडीने आणि मिळेल त्या खाणावळीच्या आधाराने झालेला आहे, आणि मला तो तसाच आवडतो. तरीही अशा एका रिसॉर्टवर मी गेले, कारण सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यांना समुद्र पाहायचा होता, आणि धाकट्या दिरांनी व जाऊबाईंनी सगळ्यांचे आरक्षण हौसेने करून ठेवले होते. मुंबईहून मालेला थेट विमान जाते, त्यामुळे वयस्क माणसाला हा प्रवास झेपण्यासारखा आहे.

तिथे जे चांगले होते, ते मी हातचे न राखता सांगते. खोलीपासून पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता होता, एकही पायरी नव्हती, आणि सासूबाई काठी टेकत एकट्या समुद्रापर्यंत जात होत्या. रत्नागिरीत जन्म जाऊनही त्या कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. तिथल्या प्रशिक्षकाने त्यांना जीवरक्षक जाकीट घातले, डोळ्यांवर काच बसवली, दोन्ही हात धरून त्यांना उथळ पाण्यात पालथे तरंगवले, आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच जिवंत पोवळी पाहिली. तिथे पोपटमासा नावाचा निळा-हिरवा मासा असतो. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, आणि डोके पाण्याखाली असले तर ती कुरकुर स्पष्ट ऐकू येते. त्याने गिळलेला चुना पोटात दळला जाऊन पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या किनाऱ्यांची छायाचित्रे आपण पाहतो, त्यांच्या वाळूत या माशाचा फार मोठा वाटा आहे. हे ऐकल्यावर सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसलेल्या दिसल्या. त्यांचा तो उत्साह पाहून, असल्या ठिकाणांना सरसकट नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला मनापासून वाटले.

मात्र तिथे राहताना एक अस्वस्थता मला सारखी जाणवत राहिली, आणि ती ऐषारामाविषयीची नव्हती. प्रवासात माणसे भेटतात ती मुख्यत्वे गरजेपोटी. फलाटावर चौकशी करावी लागते, चहा कुठे मिळेल हे विचारावे लागते, गाडी चुकली तर कोणाच्या तरी ओसरीवर बसावे लागते, आणि त्यातूनच दोन शब्दांचे चार होतात. रिसॉर्टवर मला कशाचीच गरज पडत नव्हती, त्यामुळे कोणाशी बोलण्याला कारणही उरत नव्हते. मालदीवमध्ये राहूनही दिवसचे दिवस धिवेही भाषा माझ्या कानांवर पडली नाही. जेवणाच्या लांबलचक मांडणीत इटलीपासून जपानपर्यंतचे पदार्थ होते, आणि ज्या न्याहारीवर हा देश दिवस सुरू करतो ती मास हुनी एका कोपऱ्यातल्या छोट्या वाडग्यात होती. वाढणाऱ्यांपैकी एका तरुणाला मी त्याच्या गावाविषयी विचारले, तेव्हा त्याने हातातले ताट खाली ठेवले आणि उत्तरेकडच्या आपल्या बेटाविषयी, तिथल्या मासेमारीविषयी आणि महिनोन्‌महिने न भेटलेल्या लेकीविषयी तो सांगू लागला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून बोलावणे आले आणि तो गेला.

मालदीवच्या सरकारने २००९ नंतर वस्तीच्या बेटांवरही पाहुणेघरे चालवण्याची वाट मोकळी केली. परतीच्या आधी बाकीची मंडळी रिसॉर्टवरच राहिली आणि मी व माझे यजमान सार्वजनिक फेरीबोटीने अशा एका बेटावर गेलो. पाहुणेघराच्या मागच्या अंगणात उंधोली म्हणजे लाकडी झोपाळा होता, आणि रस्त्याच्या कडेला लोखंडी चौकटीत दोरीची जाळी विणलेल्या जोअली नावाच्या बैठकांवर म्हातारी माणसे निवांत बसलेली होती. सकाळी घरची बाई बसक्या खोवणीवर नारळ खोवत होती. मी शेजारी बसले, तशी तिने काही न बोलता दुसरी कवड माझ्या हातात दिली. त्या खोबऱ्यात तिने कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि धुरावलेला टूना, म्हणजे आपला कुपा, हातानेच चुरून कालवला आणि ती मास हुनी रोशीबरोबर वाढली. रोशी जवळजवळ आपल्या पोळीसारखीच लागते. कांदा कुठून येतो असे मी खुणेने विचारले, तेव्हा तिने हसून माझ्याकडेच बोट दाखवले. त्या देशात धान्य आणि भाजीपाला बव्हंशी बाहेरून येतो, आणि १९८१ च्या व्यापार करारानुसार भारत त्यांना कांदा, बटाटा, तांदूळ अशा वस्तू पुरवत आलेला आहे.

म्हणून गावच खरे आणि रिसॉर्ट खोटे, असे मात्र मी म्हणणार नाही. माफुशीसारख्या बेटावर आता पाहुणेघरांची इतकी दाटी झाली आहे की, मूळ गाव शोधावे लागते. एवढ्याशा जमिनीवर गोडे पाणी आणि कचरा यांचा ताण किती पडत असेल, याची कल्पना येऊ शकते. पाहुण्यांना वेगळ्या बेटावर ठेवण्याच्या जुन्या धोरणाने गावांचे काही प्रमाणात रक्षणही केले होते, हे मान्य करावे लागते. दुसरीकडे, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करण्यासाठी रिसॉर्टवर अहोरात्र यंत्रे चालतात आणि ती बहुतांशी डिझेलवर चालतात. १९९८ आणि २०१६ च्या उष्ण समुद्राने पांढरी पडलेली पोवळी त्याच पाण्यात अजून सावरत आहेत. ज्या गोष्टीसाठी आपण तिथे जातो, तिच्यावरच आपला भार पडतो, आणि याची टोचणी मला दोन्ही ठिकाणी सारखीच लागली.

आपल्यापैकी कोणी वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणार असतील, तर त्यांनी निःसंकोच रिसॉर्ट घ्यावे, फक्त एकदोन रात्री वस्तीच्या बेटासाठी राखून ठेवाव्यात. शुक्रवारी बऱ्याच सार्वजनिक फेऱ्या बंद असतात, गावात खांदे व गुडघे झाकणारे कपडे लागतात आणि मद्य मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवले की अडचण येत नाही. अडचण आली ती सासूबाईंना. त्या बेटावर यायला त्या उत्सुक होत्या, पण फेरीबोट आणि धक्का यांच्यामध्ये हातभर उंचीचा फरक होता, पाणी हेलकावत होते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने ते अंतर ओलांडणे शक्य नव्हते. रिसॉर्टच्या धक्क्यावर उतरती फळी होती. तशी एक फळी सार्वजनिक धक्क्यावर असती, तर त्या अंगणातल्या खोवणीवर माझ्याऐवजी त्याच बसल्या असत्या, आणि नारळ त्यांनी माझ्यापेक्षा निश्चितच चांगला खोवला असता.

नमस्कार.