मऊ चीज आणि समोर बसलेला कुत्रा

मऊ चीज कुत्र्याला द्यावे का, हे ते कसे बनते ते पाहिले की कळते. कोमट दुधात विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे विकर, पडले की ते थोड्याच वेळात सुरीने कापता येईल इतके घट्ट बसते. कापाच्या फटींतून हे जे हिरवट-पिवळसर पाणी वर येत आहे, ती निवळी. दुधातली बरीचशी साखर, म्हणजे लॅक्टोज, तिच्याबरोबर वाहून जाते आणि उरलेल्या लॅक्टोजचे जिवाणू हळूहळू आम्ल करतात. म्हणूनच दीर्घकाळ मुरलेल्या कठीण चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरत नाही; कॉटेज चीज, रिकोटा, क्रीम चीज अशा ताज्या प्रकारांत मात्र ते बऱ्यापैकी राहते. आईचे दूध सुटल्यावर कुत्र्याची लॅक्टोज पचवण्याची क्षमता ओसरते, त्यामुळे अनेक कुत्र्यांना हे प्रकार सोसत नाहीत.

आता फळीवर ओळीने मांडलेल्या या चकत्या पाहा. ब्री या मऊ फ्रेंच चीजवरचे हे पांढरे, मखमली आवरण बुरशीचे असते आणि तिच्यामुळेच चीज बाहेरून आत मऊ होत जाते. या बुरशीची कुत्र्याला सहसा बाधा होत नाही. खरी काळजी चरबीची आणि मिठाची: 100 ग्रॅम ब्रीमध्ये सुमारे 28 ग्रॅम चरबी असते, क्रीम चीजमध्ये त्याहूनही अधिक. साध्या कॉटेज चीजमध्ये ती बरीच कमी असते, म्हणून द्यायचेच असेल तर आम्ही तेच सुचवू, तेही नखाएवढे.

या शेवटच्या चकतीत सुया खुपसल्या जात आहेत, कारण आतल्या बुरशीला हवा लागल्याशिवाय निळ्या शिरा धरत नाहीत. हीच बुरशी रॉकफोर्टिन सी नावाचे द्रव्य तयार करते. माणूस हे चीज आवडीने खातो, पण कुत्रा या द्रव्याला फार संवेदनशील असतो. त्याला निळ्या चीजचा कणही देऊ नये.

जुलाब, उलट्या, जास्त चरबीने स्वादुपिंडाला येणारी सूज, निळ्या चीजने थरथर किंवा झटके, यांपैकी काहीही दिसल्यास पशुवैद्याला तातडीने गाठावे.

कुत्र्याची नजर हातातल्या तुकड्यावर खिळलेली आहे. तो तुकडा देण्याआधी डबा उलटा करून त्यामागची बारीक अक्षरे वाचावीत, कारण लसूण, कांदा किंवा चाइव्ह (कांद्याच्या जातीची पात) घातलेले मऊ चीज कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते.