तळण न झालेला नाताळ

मंडळी, पाळकसाहेबांनी मला विषय दिला, 'नाताळ आणि उपकारस्तुती'. मी म्हटलं, बोलतो, पण जरा रडकं होईल. ते म्हणाले, होऊ द्या.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, आमची ही गेली. तालुक्याहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर, असे ९ दिवस. त्यानंतर आला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. उपासना सुटल्यावर एक बंधू हात धरून म्हणाले, "मास्तर, देवाची इच्छा. आभार माना." माणूस चांगला, रात्री-अपरात्री धावून येणारा. पण मला तो हात झटकावासा वाटला. झटकला नाही, एवढंच.

घरी येऊन ते वचन काढलं. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ५ वा अध्याय, १८ वी ओवी: 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, विभक्ती काही माझा पिच्छा सोडत नाही. पत्र लिहिणारा प्रेषित पौल 'स्थितीत' म्हणतो, 'स्थितीबद्दल' म्हणत नाही. सप्तमी आहे ती! पुरात झाडाला धरून बसलेल्यानं झाडाचे उपकार मानावेत, पुराचे कशाला?

पुरावरून आठवलं. स्टीफन हिस्लॉप, नागपुरात शाळा काढणारा स्कॉटिश मिशनरी, दगडांचा आणि जुन्या थडग्यांचा मोठा नादी. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावर परतत होता. नाल्याला पूर. त्यातच बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. आज आपण दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. पण त्या रात्री कंदील घेऊन शोधायला निघालेल्यांना कॉलेज दिसत नव्हतं, पाणी दिसत होतं. मधल्या २० वर्षांबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्या नाताळच्या नाटकाचंही तसंच. चादरी पांघरलेले मेंढपाळ, सोनेरी कागदाच्या मुकुटाचे मागी, म्हणजे पूर्वेकडून बाळाला बघायला आलेले ज्ञानी, आणि हेरोद राजा म्हणून मिसरूड फुटलेलं पोरगं. मागी नजराणे ठेवतात की पडदा! मत्तयाचा दुसरा अध्याय तिथं थांबत नाही. हेरोदाच्या हुकमानं बेथलेहेमातली २ वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारली जातात. राहेल, इस्राएलांची जुनी आई, त्या लेकरांसाठी रडते आणि काही केल्या समाधान पावत नाही. त्या आयांचं काम आजवर आपण कुणाला दिलं नाही. मत्तय मात्र राहेलला उगी राहा म्हणत नाही, आभार मान म्हणत नाही. तिला रडू देतो, आणि ते रडणं शुभवर्तमानात लिहून ठेवतो. मागच्या नाताळात मला त्या एका ओवीचा जेवढा आधार झाला, तेवढा देवदूतांच्या गाण्याचा झाला नाही. पाळकसाहेब, माफ करा.

आता माझ्या आभारांचं. माणूस गेलेल्या घरात पहिल्या सणाला कढई चढत नाही. आपण ख्रिस्ती झालो तरी ही रीत आपल्या घरांतून गेली नाही, आणि मला वाटतं, बरंच झालं. २४ तारखेच्या संध्याकाळी शेजारच्या काकू पदराखाली स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, यंदा तुमच्या घरी तळण नाही, मालूम आहे मले. बाईसारख्या नाई जमल्या. दोन-चार फुटल्या तेलात."

त्या गेल्यावर मी एक करंजी उचलली. सारण जरा करपलं होतं. पण कडेला कातण फिरवलेलं नव्हतं. बोटांनी घातलेली मुरड होती, बारीक, दोरीच्या पिळासारखी. ती मुरड काकूंना आमच्या हिनंच शिकवली होती, याच ओट्यावर बसून. ती करंजी मी बराच वेळ तळहातावर धरून बसलो.

सकाळी उपासनेला निघताना डबा द्यायचा होता. रिकामा डबा परत करायचा नसतो. हे सगळं तीच बघायची; मला काय घालावं सुचेना. मग परसात गेलो, तुरीच्या हिरव्या शेंगा तोडल्या आणि डबा झाकण लागेना इतका भरला.