बोकाणा, बेगमी आणि हॅम्स्टर

(सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, जिन्यात एकाने विचारलं, "आज उंदरावर बोलणार म्हणे?" उंदरावर नाही, हॅम्स्टरवर. नातं आहे, पण कूळ वेगळं. घरातला उंदीर म्युरिडी कुळातला, हा क्रिसेटिडी कुळातला. बांधा गुबगुबीत, शेपूट नावापुरती आणि गालांच्या आत दोन पिशव्या, थेट खांद्यापर्यंत पोचणाऱ्या.

माझ्या नातीकडे सोनेरी हॅम्स्टर आहे. आधी दोन आणले होते. दुकानदार म्हणाला, "जोडीच न्या, एकट्याला करमत नाही." आठवड्यात एकाचा कान फाटला! हा प्राणी एकांडा. वयात आला की दुसऱ्याला बिळात उभा करत नाही. मग दुसरा पिंजरा आला, तो माझ्या खर्चाने.

त्याच्यापुढे सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या की तो खात नाही, बोकाणा भरतो. पाहता पाहता तोंड गालफुगी झाल्यासारखं होतं. मग कोपऱ्यात जाऊन पुढचे पंजे गालावर मागून पुढे दाबत एकेक बी बाहेर काढतो. पिशवीत लाळग्रंथी नसल्यामुळे बी कोरडीच निघते. साठवायचं तर कोरडंच हवं, हे आपल्याकडे वाळवणं घालणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

हा प्राणी घराघरांत पोचला तो एका रोगामुळे. काळा आजार ज्या परजीवीमुळे होतो, त्या लेश्मानियावर जेरुसलेममध्ये सॉल अ‍ॅडलर काम करत होते. त्यांचे चिनी हॅम्स्टर पिंजऱ्यात वीतच नव्हते. मग 1930 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी सीरियात, अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. आईने तिथेच एक पिल्लू मारलं, पुढे काही पळाली. उरलेली तीन-चारच. आज जगात पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅम्स्टर या एका बिळाचे वंशज. गर्भारपण जेमतेम 16 दिवसांचं, तेव्हा संख्येला काय तोटा?

आता शब्दाकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्यावर. जर्मन भाषेत 'हाम्स्टर्न' असं क्रियापदच आहे. अर्थ, साठा करून ठेवणं. महायुद्धांच्या टंचाईत शहरातली माणसं आगगाडीने खेड्यांत जायची, घरातली चीजवस्तू देऊन बटाटे आणायची. त्या फेरीला नाव 'हाम्स्टरफार्ट'. 2020 मध्ये दुकानांतला टॉयलेट पेपर संपला, तेव्हा 'हाम्स्टरकाउफ', म्हणजे साठ्यासाठी केलेली खरेदी, हा शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला. म्हणजे पोटासाठी वणवण करणारा आणि दुसऱ्याच्या वाटणीचं उचलणारा, दोघे एकाच प्राण्याच्या नावाखाली.

मराठीने इथे दोन खण केलेत. पावसाळ्याआधी घरात भरतो ती बेगमी; भाव चढावा म्हणून दाबून ठेवतो ती साठेबाजी. हॅम्स्टरला भाव कळत नाही. त्याची ती बेगमी. उगाच बदनाम झालाय बिचारा.

मी मात्र मार्च 2020 मध्ये वीस किलो तांदूळ जास्तीचा आणला. घरात माणसं दोन. त्याला बेगमीच म्हणत होतो, गणपतीत डब्यात टोके दिसेपर्यंत.

परवा नातीने पिंजरा साफ करताना कोपऱ्यातला सगळा साठा केरात टाकला. रात्रभर खुडबुड चालू होती. सकाळी पाहतो तर वाटी रिकामी, कोपरा भरलेला, आणि हा गाल फुगवून त्यावर झोपलेला.