वितळलं की विरघळलं?

डिसेंबरातली सकाळ. खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. आजी ती उन्हात ठेवते, आणि अंघोळीची वेळ होईपर्यंत तेल पातळ. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसला वितळतं. थंडीत ते थिजतं ते त्यामुळेच.

या बाटलीवरून सातवीच्या मुलांनी प्रश्न काढलाय: घरातलं काय काय, किती तापमानाला वितळतं?

पहिली यादी भलतीच लांब झाली. मग कात्री लागली. मीठ वितळायला 801 अंश लागतात, ते घरच्या शेगडीचं काम नाही. कापूर उघडा ठेवला तरी न वितळताच उडून जातो. साखरेचा पाक अंगावर उडाला तर चांगलाच भाजतो. उरले बर्फ, तूप, खोबरेल, चॉकलेट आणि मेणबत्तीचं मेण. या सगळ्यांना गरम पाण्याचं पातेलं पुरतं. गॅसजवळ मात्र बाई स्वतः उभ्या राहणार.

प्रत्येक वाटीत पाच-पाच ग्रॅम, वाट्या सारख्याच. थर्मामीटर पाण्यात नाही, वाटीतल्या पदार्थात बुडवायचा, कारण पाणी आधी तापतं आणि पदार्थ मागून. एकाने घरून ताप बघायचा थर्मामीटर आणला होता. त्याच्यावर आकडे 35 ते 42, बर्फाला काय कामाचा! आता प्रयोगशाळेतला आणलाय, उणे 10 ते 110 अंशांचा.

खरं भांडण पुढेच लागलं. वितळलं कधी म्हणायचं? पहिला थेंब सुटला तेव्हा, की शेवटची गुठळी गेली तेव्हा? शेवटी वहीत दोन रकाने आखले: ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’. मला विचाराल तर सगळ्या आखणीतली ही सर्वांत हुशार गोष्ट. कारण बर्फाचा चुरा ढवळत राहिलात तर दोन्ही रकान्यांत शून्यच येतं. शेवटचा कण जाईपर्यंत पारा हलत नाही. तुपाचं तसं नाही. तूप म्हणजे अनेक स्निग्ध पदार्थांची मिसळ, प्रत्येकाचा वितळायचा आकडा वेगळा. म्हणून ते अर्धं पातळ, अर्धं रवाळ असं रेंगाळतं.

आणि शब्दाचं काय? आपण सर्रास म्हणतो, आइस्क्रीम विरघळलं. पण विरघळायला पाण्यासारखं काहीतरी लागतं, वितळायला नुसती उष्णता पुरते. मुलांनी पडताळा ठरवलाय: कोरड्या वाटीत साखर घालून वाटी कढत पाण्यात तरंगत ठेवायची. चहात दिसेनाशी होणारी साखर इथे तशीच राहते.

काल रंगीत तालीम झाली. वितळलेलं खोबरेल परत गार करताना पारा 24 च्या खाली उतरला, तरी तेल पातळच. एक मुलगी थर्मामीटरकडे बघत राहिली, मग तिने पट्टी मागितली. वहीत आता तिसरा रकाना आहे: ‘थिजताना’.