टेनेसी वॉल्ट्झ: होतो की होते?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी.

कंट्री गाण्यांबद्दल आपल्यातल्या बहुतेकांचं मत कधीच ठरून गेलेलं आहे: एक ट्रक, एक कुत्रा, एक बाटली आणि सोडून गेलेली बायको. इथे येऊन बरीच वर्षं माझंही तेच मत होतं. आज ज्या गाण्याबद्दल बोलणार आहे, त्यात ट्रक आहे. फक्त तो गाण्यात नाही. गाणं लिहिलं गेलं, तिथे आहे.

साल 1946. पी वी किंग नावाचा वादक आणि त्याच्या बँडमधला गायक रेड स्टुअर्ट हे दोघं सामानाच्या ट्रकमधून चालले होते. रेडिओवर बिल मन्रो या गायकाचं ‘केंटकी वॉल्ट्झ’ लागलं. वॉल्ट्झ म्हणजे जोडीने नाचायची तीन मात्रांची चाल, केंटकी हे शेजारचं राज्य. स्टुअर्ट म्हणाला, कमाल आहे, केंटकीचं वॉल्ट्झ आहे आणि टेनेसीचं कुणी लिहिलंच नाही! चाल त्यांच्याकडे तयार होती. बँडची ओळखधून म्हणून ते एक वॉल्ट्झ वाजवायचे, शब्द नसलेलं. नावही ‘नो नेम वॉल्ट्झ’, म्हणजे बिननावाचं. कागद हाताशी नव्हता, तेव्हा स्टुअर्टने काड्यापेटीचं मोठं खोकं फाडलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहिले. वाण्याच्या पुडीवर हिशेब मांडणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता हा पी वी किंग कोण? खरं नाव ज्युलियस फ्रँक अँथनी कुचिन्स्की. विस्कॉन्सिनमधल्या पोलिश घरातला मुलगा. वाद्य अकॉर्डियन, म्हणजे आपल्या पेटीची गळ्यात अडकवायची बहीण. काउबॉयचे कपडे घालून तो ग्रँड ओल ऑप्री या इथल्या कंट्री गाण्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर दहा वर्षं वाजवत होता. स्टुअर्टचा जन्म मात्र इथलाच, ॲशलंड सिटीचा. गाणं ज्याच्याकडे छापायला गेलं तो फ्रेड रोझ इंडियानात जन्मलेला, शिकागोत गाणी लिहून आलेला. म्हणजे टेनेसीचं हे गाणं जमवणाऱ्या तिघांतले दोघं परगावचे. 1965 मध्ये ते टेनेसीचं अधिकृत राज्यगीत झालं. आपण सगळे इथे परगावचेच, म्हणून हा तपशील मला जरा जास्तच आवडतो, हे कबूल करतो.

फ्रेड रोझने एक ओळ बदलली. त्याबद्दल दोन मिनिटं हवीत. मूळ मसुद्यात ध्रुवपदात नुसतं ‘अरे टेनेसी वॉल्ट्झ, अरे टेनेसी वॉल्ट्झ’ असं दोनदा आळवणं होतं. रोझने त्यातलं एक काढलं आणि तिथे ‘ती रात्र आठवते’ अशा अर्थाचे शब्द बसवले. बस, एवढंच. पण त्याआधी गाणं एका चालीला हाका मारत होतं, त्यानंतर ते एका रात्रीबद्दल झालं. संपादकाचं काम काय असतं, हे मला कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

गोष्ट चार ओळींची आहे. आपल्या माणसाबरोबर नाच चाललाय. जुनी ओळखीची व्यक्ती भेटते. ओळख करून दिली जाते. ते दोघं नाचायला लागतात, आणि नाचता नाचता आपलं माणूस जातं. आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत. आणि गंमत बघा, ते नाचत होते ज्यावर, ते टेनेसी वॉल्ट्झ आपल्याला ऐकू येतच नाही. आपण ऐकतो ते त्या वॉल्ट्झच्या आठवणीचं गाणं. खरं वॉल्ट्झ कसं होतं, ते ज्याचं त्याने मनात वाजवायचं.

किंगच्या बँडने हे 1947 च्या डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रित केलं. 1948 मध्ये ते कंट्रीच्या यादीत वर गेलं. त्याच बँडमधून बाहेर पडलेल्या काउबॉय कोपासनेही ते गायलं, तेही चाललं. एवढ्यावर थांबलं असतं, तर आज मी उभा नसतो.

थांबलं नाही, कारण अर्स्किन हॉकिन्स या कृष्णवर्णीय ट्रंपेटवादकाच्या ऑर्केस्ट्राने ते उचललं. ती तबकडी जेरी वेक्सलरच्या कानावर पडली. हा तेव्हा ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक साप्ताहिकात पत्रकार होता, कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताला ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव त्यानेच रूढ केलं. त्याने ते पॅटी पेज या गायिकेच्या मॅनेजरला सुचवलं. पेजबाईंच्या कंपनीला 1950 च्या नाताळासाठी सांताक्लॉजचं एक उडतं गाणं खपवायचं होतं. तबकडीला दुसरी बाजू असते, ती मोकळी ठेवून कसं चालेल? म्हणून मागच्या बाजूला ‘टेनेसी वॉल्ट्झ’ टाकलं. सांताक्लॉज आज कुणाला आठवत नाही. मागची बाजू लाखांनी खपली आणि कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

ती घरी जाऊन जरूर ऐका. पेजबाई स्वतःच्याच आवाजाला साथ देतात. एकदा गायचं, मग ते ऐकत वरच्या सुरात पुन्हा गायचं. त्या काळात हे नवलाचं होतं. पण मला त्यातलं तंत्र कमी आणि चित्र जास्त दिसतं: जिचं माणूस गेलंय, तिच्या सोबतीला आता तिचाच आवाज उरलाय.

पुढे यादी मोठी आहे, सगळी वाचत बसत नाही. जपानमध्ये अमेरिकी लष्करी छावण्यांतून गाणारी चिएमी एरी, वय जेमतेम पंधरा, हिने 1952 मध्ये ते अर्धं इंग्रजीत, अर्धं जपानीत गायलं आणि तिथे ते घराघरांत गेलं. सॅम कुकने 1964 मध्ये त्यात ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, घातलं आणि रडणं काढून टाकलं. माणूस गेलं खरं, पण नाच थांबत नाही. ओटिस रेडिंगने 1966 मध्ये उलट केलं, एकेक शब्द पिळून काढला. तेही इथून तीन तासांवर, मेम्फिसला. लिओनर्ड कोहेनने तर पदरचं एक कडवं जोडलं. तुम्ही मला विचाराल, तर रेडिंग. बाकीचे गोष्ट सांगतात, त्याचं ऐकताना वाटतं की ते आत्ता, समोर घडतंय.

बायका आणि पुरुष दोघांनीही हे इतकं का गायलं असेल? याचं उत्तर मला आपल्या तालमीत मिळालं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही काही जणांनी ठरवलं की मेळाव्यात हे मराठीत गायचं. मी वही घेऊन बसलो. पहिलीच ओळ, ‘नाचत होतो...’. आमच्या गाणाऱ्या ताईंनी लगेच विचारलं, ‘होतो की होते?’ इंग्रजीत ‘मी नाचत होतो’ आणि ‘मी नाचत होते’ एकच. प्रियकर की प्रेयसी, तेही एकाच शब्दात झाकलं जातं. मित्राच्या जागी मैत्रीण आणायची, तर एक बारकं सर्वनाम बदललं की झालं. आपल्याकडे? भेटला की भेटली, त्याची की तिची, गेला की गेली, ओळीगणिक कोण बोलतंय ते उघडं पडतं. ताईंसाठी केलेलं भाषांतर मला गाता येईना. शेवटी दोन वह्या झाल्या.

दुसरी अडचण तबल्यावर आली. वॉल्ट्झ तीन मात्रांचं, म्हणून आमच्या तबलजींनी दादरा धरला: धा धी ना, धा ती ना. वॉल्ट्झच्या दोन फेऱ्यांत एक आवर्तन, हिशेब चोख. पेजबाईंची तबकडी लावून ते वाजवायला लागले आणि मध्येच थांबले. म्हणाले, ‘अहो, यात खालीच नाही.’ बरोबर होतं. वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्या पावलानंतर पाय पुन्हा तितक्याच वजनाने पडतो. आपला दादरा अर्ध्यावर हलका होतो, तीच त्याची खाली. मग तबकडी बंद करून नुसत्या तबल्यावर म्हणून पाहिलं. तो दुसरा भाग हलका पडला, आणि चाल नाच सोडून झोपाळ्यासारखी झुलायला लागली. हे बरोबर की चूक यावर आमचं अजून भांडण चालू आहे. मी म्हणतो चूक, ताई म्हणतात हेच गोड लागतं.

तबला लागलेला दिसतोय. वही ताईंची आहे, त्यामुळे ‘होते’. जेवण अर्ध्या तासाने आहे, तोवर कृपया कुणी उठू नका.